गाडी वरपर्यंत जाते का?

तुम्ही विचारलंत म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे. मँचेस्टरला राहायला येऊन मला १६ वर्षे झाली. या काळात अकोल्याहून आणि पुण्याहून जे जे आप्त आमच्याकडे उतरले, त्यांनी लंडन पाहून झाल्यावर बहुधा हेच दोन प्रश्न लागोपाठ विचारले. इंग्लंडचा खेड्यापाड्यांचा, डोंगरदऱ्यांचा भाग पाहायला एकच दिवस हाताशी असेल तर कुठे जावे, हा पहिला. आणि तिथे गाडी वरपर्यंत जाते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी एका शब्दात देते: एडेल. दुसऱ्याचे उत्तर तोंडी देताना मात्र माझी नेहमी अडचण होते, कारण खरे उत्तर ‘हो, जवळजवळ जाते’ असे आहे आणि तरीही गाडीने जाऊ नका, असे मला मनापासून सांगायचे असते.

एडेल हे डर्बीशर परगण्यातले छोटे गाव आहे. मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्यामधल्या रेल्वेमार्गावर त्याचे स्थानक आहे आणि मँचेस्टरहून आगगाडीने तिथे पोहोचायला साधारण पाऊण तास लागतो. हा सगळा मुलूख पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानात येतो. १९५१ साली घोषित झालेले हे ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान. पण ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे ताडोबासारखे राखीव जंगल येते, तसे ते नाही. इथे गावे आहेत, शेते आहेत, मेंढ्यांचे कळप आहेत, दगडाच्या खाणी आहेत आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. मी सुचवते ती वाट एडेलहून निघून डोंगराची धार ओलांडते आणि पलीकडच्या कॅसलटन गावात उतरते. सगळी मिळून सात-आठ किलोमीटरची चाल होते.

स्थानकातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात वाट कुणाच्या तरी शेतात शिरते, आणि आपली माणसे इथे हमखास थबकतात. ‘अहो, ही खासगी जमीन दिसते,’ असे कुणीतरी हळूच म्हणते. जमीन खासगीच असते. पण तिच्यातून जाणारी पायवाट सार्वजनिक असते आणि ती अडवण्याचा अधिकार शेतकऱ्याला नसतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटांची एकूण लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर त्या हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात आणि प्रत्यक्षात खांबावरच्या पिवळ्या बाणाने ओळखता येतात. शेताच्या कडेला चुन्याशिवाय, मातीशिवाय, नुसते दगडावर दगड रचून घातलेले कुंपण असते. माझे सासर कोकणातले, त्यामुळे पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा माझ्या तोंडून ‘गडगा’ हाच शब्द निघाला. आमच्याकडचा गडगा तांबड्या जांभ्याचा आणि हा करड्या दगडाचा, एवढाच काय तो फरक. तो ओलांडण्यासाठी भिंतीतूनच लांब दगड बाहेर काढून पायऱ्या केलेल्या असतात. त्यांच्यावर शेकडो वर्षे पाय पडून मधोमध खोलगट झिज झालेली आहे, आणि पाऊस पडून गेला की तेवढ्या खळग्यात पाणी साचून राहते.

अर्ध्या-पाऊण तासाच्या चढानंतर हॉलिन्स क्रॉस नावाची खिंड लागते. एडेलला स्वतःचे चर्च नव्हते तेव्हा तिथल्या मृतांना पुरण्यासाठी खांद्यावरून याच खिंडीने कॅसलटनला नेत असत. माझे वडील ७१ व्या वर्षी इथे आले होते. मी त्यांना हे सांगितल्यावर ते मागे वळून चढाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि ‘बर्फातही न्यावं लागत असेल,’ एवढेच म्हणाले.

खिंडीतून उजवीकडे धारेने गेले की मॅम टॉर. उंची अवघी ५१७ मीटर. कळसूबाई चढलेल्या माणसाला हा आकडा सांगितला की त्याचा चेहरा पडतो, पण इंग्लंडच्या डोंगराला उंचीच्या मापाने मोजू नये, असे माझे ठाम मत आहे. माथ्यावर अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचा तट अजून मातीच्या उंचवट्याच्या रूपात ओळखू येतो. तिथे उभे राहिले की दोन निरनिराळे प्रदेश एकाच वेळी दिसतात. दक्षिणेला चुनखडीचा उजळ, हिरवा, गडग्यांनी चौकटी आखलेला मुलूख. उत्तरेला किंडर स्काउटचे काळसर, झाडे नसलेले सपाट पठार. दक्षिणेकडची चुनखडी सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या उष्ण, उथळ समुद्रात तयार झाली, कारण तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता. आपला दख्खनचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे हिच्यापुढे तरुणच. पूर्वेला दरीत सिमेंट कारखान्याची चिमणीही दिसते. छायाचित्रे काढणारे तिला शिताफीने चौकटीबाहेर ठेवतात, पण चुनखडीच्या मुलखात चुनखडीवर जगणारा कारखाना असणे मला खटकत नाही.

मॅम टॉरहून उतरताना जे पाहायला मिळते त्यासाठी मी हा सगळा आग्रह धरते. या डोंगराचे दुसरे नाव ‘थरथरता डोंगर’ असे आहे. त्याच्या पोटात शेल या चिखलापासून झालेल्या ठिसूळ खडकाचे आणि वालुकाश्माचे थर एकाआड एक आहेत. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी त्याची पूर्वेकडची बाजू ढासळली आणि तो ढिगारा अजूनही स्थिर झालेला नाही. ओल्या हिवाळ्यात पाणी मुरले की तो आणखी थोडा खाली सरकतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच ढिगाऱ्यावरून शेफील्डकडे जाणारा रस्ता बांधला गेला. तो खचायचा, लोक डांबर ओतून पुन्हा सारखा करायचे, तो पुन्हा खचायचा. अखेर १९७९ मध्ये रस्ता कायमचा बंद झाला आणि आज फक्त पायी चालणाऱ्यांसाठी उरला आहे. काही ठिकाणी तो मधोमध फाटून एक भाग माणसाच्या उंचीइतका खाली गेला आहे. त्या फटीत वाकून पाहिले की डांबराचे थर पुस्तकाच्या पानांसारखे मोजता येतात; प्रत्येक थर म्हणजे एकेका दुरुस्तीची आठवण. फटींत गवत उगवले आहे आणि मेंढ्या तिथे निवांत चरतात. आपल्याकडे दरड म्हटले की माळीण आठवते आणि काळजात धस्स होते. इथली दरड माणसांना दीडशे वर्षे सूचना देत राहिली आणि शेवटी माणसांनी रस्ता मागे घेतला. जवळच विनॅट्स पास ही चुनखडीची अरुंद खिंड आहे. आता मोटारी तिच्यातून जातात, त्यामुळे तिथे रेंगाळण्यात मला फारसे स्वारस्य नाही.

आता उत्तरेकडच्या त्या काळसर पठाराविषयी. किंडर स्काउट ६३६ मीटर उंच आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ते ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते आणि रखवालदार सामान्य माणसाला तिथे फिरकू देत नसत. मँचेस्टर आणि शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतले कामगार रविवारी आगगाडीने पायथ्याशी यायचे आणि वर पाहून परत जायचे. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या २० वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने सुमारे ४०० जण हेफील्ड गावाहून निघाले आणि उघडपणे, गाणी म्हणत किंडरवर चढले. झटापट झाली, सहा जणांना अटक झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकणे हा मुळात फौजदारी गुन्हाच नव्हता, म्हणून खटले दंगा आणि मारहाण अशा कलमांखाली भरावे लागले. या शिक्षांनी लोकमत उलट पेटले. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ आणि पडीक कुरणांवर वाट सोडूनही मुक्तपणे हिंडण्याचा हक्क मिळाला. २००२ मध्ये, त्या चढाईच्या सत्तराव्या वर्षी, ती जमीन ज्यांच्या घराण्याची होती त्या डेव्हनशरच्या ड्यूकनी आपल्या आजोबांच्या काळातल्या त्या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली. गाडीने वर जाऊ नका असे मी म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे. त्या वाटेवरून पायी जाता यावे म्हणून माणसे तुरुंगात गेली आहेत, हे चालताना आपोआप आठवते. वाहनतळावर आठवत नाही.

बाबांना मी तिसऱ्या दिवशी किंडरवरही नेले, एडेलच्या बाजूने, दगडी पायऱ्यांनी, दर दहा मिनिटांनी थांबत. जून महिना होता. वरच्या दलदलीत सर्वत्र पांढरे बोंड फुटले होते. ‘कापूस!’ असे म्हणून बाबा खरोखरच धावले. ते कॉटन ग्रास नावाचे दलदलीतले गवत होते. आयुष्यभर वऱ्हाडात कपाशी पिकवलेल्या माझ्या वडिलांनी एक झुबका खुडला, दोन बोटांत ओढून पाहिला, तो तटकन तुटला. ‘धागा नाही याच्यात,’ ते म्हणाले. त्यांचे बरोबर होते. हा तंतू आखूड आणि ठिसूळ असतो, त्याचे सूत निघत नाही. मग त्यांनी खालची काळी माती चिमटीत घेऊन चोळली आणि म्हणाले, ‘हे माती नाही माय, हे त गवतच आहे.’ तेही बरोबर होते. ती पीट, म्हणजे हजारो वर्षे पाण्यात अर्धवट कुजत साचलेली वनस्पती.

ही पीट जागोजागी उघडी पडून वाहून गेलेली दिसते, आणि त्याचे एक मोठे कारण मँचेस्टरच्या परिसरातल्या गिरण्यांचा धूर हे आहे. कोळशाच्या धुरातल्या आम्लाने पाणी धरून ठेवणारे स्फॅग्नम शेवाळ मेले आणि पठार उघडे पडले. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा या गिरण्यांना मुंबई बंदरातून कापूस जाऊ लागला आणि त्यात आमच्या वऱ्हाडचाही होता. मी हे बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी तो तुटका झुबका शर्टाच्या खिशात ठेवून दिला. २००३ पासून या पठारावर शेवाळ पुन्हा लावण्याचे, ओहोळांना लहान बांध घालण्याचे काम चालू आहे. उघड्या काळ्या उतारांवर हिरवा रंग परतताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

मॅम टॉरच्या खांद्यावर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचा वाहनतळ आहे आणि तिथून शिखर २०–२५ मिनिटांवर आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी तिथूनच जावे, त्यात काही कमीपणा नाही. बाकीच्यांनी आगगाडीने यावे. हेदर या झुडपाचा जांभळा बहर पाहायचा असेल तर ऑगस्ट गाठावा. डिसेंबरात चारच्या आत अंधारून येते, तेव्हा सकाळची पहिली गाडी पकडावी. एप्रिलमध्ये मेंढ्यांना कोकरे झालेली असतात, त्यांच्या जवळ जाऊ नये, आणि फाटक जसे असेल तसे ठेवावे: बंद असेल तर मागे लावून घ्यावे, उघडे असेल तर उघडेच राहू द्यावे. येणार असाल तर महिना आधी कळवा, आणि पायाचे मापही कळवा. आमच्याकडे डोंगरात घालायचे दोन जोड जास्तीचे आहेत.