वाड्यावरच्या सुया

कुत्र्याच्या लघवीतून रक्त जातंय असं सांगत कुणी आलं की मी पहिल्यांदा एवढंच विचारतो, धारेत रक्त असतं की एरवीही थेंब गळतात? भुऱ्याच्या मालकिणीला उत्तर शोधावं लागलं नाही. "धार निवळ हाय डॉक्टर. बसला का बसल्या जाग्याला रगत. समदं घोंगडं डागाळलंय." शहरातून येणारी मंडळी "ती जागा", "खालचं" असं म्हणत अर्धा आजार पोटातच ठेवतात. मावशींनी कुठे सूज आहे, वास कसा येतो, तो किती वेळ चाटत बसतो, सगळं एका दमात सांगितलं. निम्मं निदान तिथेच झालं होतं.

दिवाळीनंतर फलटणकडचे धनगरवाडे कोकणात उतरताना भोरच्या बाजूने जातात. भात निघालेल्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या, शेताला खत मिळालं की शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि बिऱ्हाड घोड्यांवर लादून पुढच्या शिवारात. भुऱ्या या वाड्याचा राखणदार. लिंगावरची कातडी एका बाजूला टम्म फुगलेली. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू होत्या. "चार दिस बरं वाटतंय, मग फिरून तेच," असं मावशींच्या नवऱ्याचं, म्हणजे मामांचं म्हणणं.

या 'चार दिस बरं'नेच घात होतो. नराच्या कातडीखाली थोडा पिवळसर स्राव निरोगी कुत्र्यालाही असतो. जंतुसंसर्ग झाला तर तो वाढतो, घाण वास येतो आणि तेव्हा धुऊन काढणं नि औषध पुरतं. पण आत गाठ असली तर जंतू तिच्यावर पोसले जातात. गोळ्यांनी जंतू हटतात, वास जातो, माणूस निश्चिंत होतो आणि गाठ वाढत राहते.

गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि कातडी मागे घेतली. पुढचा भाग लालसर, पण साफ. इथे थांबलं तर फसायला होतं. लिंग पूर्ण बाहेर काढून अगदी मुळाशी, जिथे नराला समागमात फुगवटा येतो, तिथपर्यंत पाहावं लागतं. तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालभडक, हात लावताच रक्त सुटणारी गाठ होती. काचपट्टी तिच्यावर दाबून घेतली, वाळवली, पेशी दिसाव्यात म्हणून गिम्सा नावाच्या रंगाने रंगवली. सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल पेशी, प्रत्येकीत मण्यांची ओळ मांडावी तसे पोकळ फुगे. टीव्हीटी, म्हणजे कुत्र्यांमध्ये संगातून पसरणारा कर्करोग.

या रोगाचं मला अजूनही नवल वाटतं. इथे विषाणू नाही, जंतू नाही. कर्करोगाची पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते आणि रुजते. १८७६ साली रशियात नोविन्स्की या पशुवैद्याने ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवली होती. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशींत साठच्या आसपास. म्हणजे गाठ भुऱ्याच्या अंगात होती, पण भुऱ्याची नव्हती. हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा एका कुत्र्याच्या त्या पेशी. २०१९च्या एका अभ्यासाने तो कुत्रा ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियात होऊन गेला असावा, असा अंदाज मांडला. मामांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांचा प्रश्न सरळ होता, "मेंढरांना लागंल का?" नाही लागत. माणसालाही नाही. "वाड्यावर कुत्री हाय का?" मी विचारलं. होती, पाखरी. तिलाही आणायला सांगितलं. तिच्या योनीत तीच गाठ निघाली, फक्त लहान.

औषध चांगलं आहे, बहुतेक कुत्रे त्याने पूर्ण बरे होतात. व्हिन्क्रिस्टिन, किलोला ०.०२५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा शिरेतून, साधारण चार ते सहा वेळा. भुऱ्या २८ किलोचा, म्हणजे ०.७ मिलिग्रॅम. एवढासा डोस, पण शिरेबाहेर सांडला तर पायाचं मांस सडतं. म्हणून आधी सलाइन सोडून शीर पक्की आहे ना ते बघायचं, मगच औषध. औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून प्रत्येक सुईआधी त्या मोजायच्या. दवाखान्यात येणाऱ्याला हे जमतं, पण आठवड्यात दोनदा जागा बदलणाऱ्या वाड्याचं काय? शेवटी असं ठरलं की मुलाने मुक्काम कळवायचा आणि मी जायचं. आदल्या दिवशी रक्त काढून भोरच्या लॅबमध्ये द्यायचं, आकडा आला की दुसऱ्या दिवशी सुई.

खरी अडचण औषधाच्या पलीकडची होती. सुईनंतर काही दिवस कुत्र्याच्या लघवी-विष्ठेतून औषध बाहेर पडतं आणि मामांची सून पोटुशी होती. भुऱ्याला तिच्यापासून आणि पोरांपासून लांब बांधा म्हटलं. मामा माझ्याकडे बघत राहिले. "रातीला बिबट्या आला तर बांधल्या कुत्र्यानं काय करायचं?" यावर पुस्तकात उत्तर नाही. तोडगा मावशींनी काढला. सुनेचं अंथरूण वाड्याच्या दुसऱ्या टोकाला, कुत्र्यांची भाकरी-पाणी मावशींकडे, डागाळलेलं घोंगडं जाळायचं. भुऱ्या रात्री मोकळा.

दुसऱ्या सुईनंतर त्याने जेवण टाकलं, उलट्या केल्या. पुढच्या मोजणीत पांढऱ्या पेशी ३,२०० आल्या. चार हजारांखाली मी सुई देत नाही, आठवडा पुढे ढकलला. मामांना वाटलं, मी टाळतोय. रक्त गळायचं कधीच थांबलं होतं, मग आता उशीर कशाला आणि उरलेल्या सुया तरी कशाला, असा त्यांचा हिशेब. गळती थांबणं आणि गाठ मरणं वेगळं, हे पटवायला मी भुऱ्याची कातडी पुन्हा मागे घेऊन दाखवली. वाटाण्याएवढा अंकुर उरला होता. मामा वाकून नीट बघून म्हणाले, "हां, बुडखा हाय अजून."

चौथी सुई नीरा देवघर धरणाच्या कडेला, घोड्याच्या खोगिराला सलाइनची बाटली बांधून दिली. नंतर पाहिलं तर भुऱ्याची गाठ पूर्ण गेलेली. पाखरीच्या शेवटच्या दोन बाकी होत्या आणि वाडा वरंध घाट उतरणार होता. त्या महाडच्या एका डॉक्टरमित्राने दिल्या.

दोघांचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर वाटेतल्या गावठी कुत्र्यांकडून पुन्हा येईल, असं मी निघताना सांगितलं. "पाखरीचं करा," मामा लगेच म्हणाले. "भुऱ्याचं नाय. राखणीचा जोर जाईल." जोर जात नाही, हे मी जमेल तेवढ्या वेळा सांगितलं. मावशी माझ्या बाजूने होत्या, मुलगा मामांच्या. "येताना बघू," म्हणून मामांनी विषय मिटवला. पावसाआधी वाडा घाट चढून परत येतो, तेव्हा हा वाद पुढे चालू होईल.