पडलेला दात आणि न पडणारी दाढ

मंगळवार, आमच्याकडे बाजाराचा दिवस. मेथीची जुडी डोकावणारी पिशवी बाकाखाली सरकवून आजी थेट आतच आल्या. मागे सून, आणि सुनेच्या ओढणीआड तोंड गच्च मिटलेला नातू. पावणेसात वर्षांचा.

"डॉक्टर, दातामागनं दात आलाय. दोन रांगा झाल्यात पोराच्या."

तोंड उघडून घ्यायलाच दहा मिनिटं गेली. आदल्या रात्री आजींनी दाताला दोरा बांधून दुसरं टोक दाराच्या कडीला अडकवलं होतं. दात काही निघाला नाही, पण पोरगा तेव्हापासून कुणाला तोंडाजवळ येऊ देईना.

खालच्या पटाशीच्या दातामागे, जिभेच्या बाजूने, करवतीसारख्या कडेचा नवा दात वर आला होता. सहा-सात वर्षांच्या मुलांत हे आम्ही नेहमी बघतो. दुधाचा दात हलत असेल तर मुलालाच जिभेनं, धुतलेल्या बोटानं हलवू द्यायचा. तो पडला की जीभच मागच्याला हळूहळू पुढे ढकलते. इथे मात्र दोऱ्यानं हिरडी सुजली होती आणि पोराला घास चावता येत नव्हता. बधिर करणारं जेल लावलं, त्याला वीसपर्यंत मोजायला सांगितलं. अकरावर दात माझ्या चिमट्यात होता.

आजींनी तो तळहातावर उलटा केला आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं बाई, मूळ आतच मोडलं की!"

खालून दात पोकळ, नुसती टोपी. पक्का दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं, म्हणून तर तो हलतो. हे मी सांगितलं. आजींना पटलं की नाही, देव जाणे. पोरगा कापसाची घडी दाबून बसला. दहा मिनिटं दाबायची, सारखी उचलून बघायची नाही. हे पोरापेक्षा आयांनाच जास्त सांगावं लागतं.

घडी काढून आरसा सहज मागे नेला आणि थांबले. खालच्या डाव्या दाढेच्या खाचेत काळं. तपासायच्या सळईचं टोक फिरवलं तर अडकलं.

"ती दुधाचीच ना?" सून म्हणाली. "पडेल की."

तिचा दोष नाही. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांत मागे गुपचूप येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. मी तिचं बोट पोराच्या तोंडात धरून मधल्या रेषेपासून मोजायला लावलं. एक, दोन, तीन, चार, पाच. इथवर दुधाचे. सहावी पक्की, ही जन्मभराची. आणि दुधाच्या दाढासुद्धा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. 'पडणारच आहे' म्हणून कीड सोडून दिली आणि दाढ अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेवर सरकतात आणि तिच्याखालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते.

सून गप्प झाली. "ब्रश तोच करतो," एवढंच म्हणाली. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला तो कोपरा गाठता येत नाही. रात्रीचा ब्रश तरी मोठ्यांनी करायचा, वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन.

कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली नव्हती. त्याच बैठकीत सिमेंट भरलं. बाकीच्या तिन्ही सहाव्या दाढांच्या खाचांना सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर, लावायला पुढच्या मंगळवारी बोलावलं.

आजी दात कागदाच्या पुडीत बांधत होत्या. घरावर स्लॅब पडलाय, आता कौलं शेजारच्यांचीच, तिथं टाकणार म्हणाल्या. पोराला मोजायचा नाद लागला होता. त्यानं आजीचं तोंड उघडायला लावलं, पाचपर्यंत मोजलं आणि अडकला.

"आज्जे, तुझी सहावी कुठंय?"

"ती व्हय," आजी पुडीला गाठ मारत म्हणाल्या, "ती माझ्या लग्नाआधीच गेली."