फ्रेंडिका सर्व्हरवर ॲडऑन निवडताना : माझा अनुभव

आमचा पुण्यातला पक्षीनिरीक्षणाचा ग्रुप व्हॉट्सॲपवरून फ्रेंडिकावर हलवायचं ठरलं आणि ॲडमिनचं काम माझ्याकडे आलं. फ्रेंडिका माहीत नसेल त्यांच्यासाठी, हे स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं सोशल नेटवर्क आहे, २०१० पासूनचं, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला), आणि ॲक्टिव्हिटीपब, म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरनी एकमेकांना पोस्ट पाठवायची सामाईक पद्धत, असल्यामुळे मॅस्टोडॉन या दुसऱ्या सोशल नेटवर्कवाल्यांशीही बोलता येतं. भाड्याच्या व्हीपीएसवर (ऑनलाइन सर्व्हरवर) इन्स्टॉल झालं पटकन, खरा वेळ गेला तो ॲडऑन, म्हणजे जादा सोयींचे छोटे जोड-प्रोग्रॅम, निवडण्यात. ॲडमिन पॅनलमध्ये भलीमोठी यादी येते, एक क्लिक केला की चालू, त्यामुळे सगळंच हवंहवंसं वाटतं. मी प्रत्येकाच्या बाबतीत आधी एवढंच बघितलं की हे चालू केल्यावर आमच्या लोकांची कुठली माहिती बाहेर जाणार.

सगळ्यात जास्त मागणी होती नकाशाची. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा ॲडऑन आहे, पोस्टला लोकेशन असलं की खाली नकाशा दिसतो, छानच दिसतो. पण आमच्याकडे शृंगी घुबडाच्या घरट्याचे फोटो येतात, आणि घुबडं जादूटोण्यासाठी पकडून विकतात हे सगळ्यांना माहितीये. पोस्ट एकदा दुसऱ्या सर्व्हरवर गेली की आपण डिलीट केली तरी तिकडून जाईलच याची खात्री नाही. म्हणून मी सरळ नाही म्हटलं, थोडी नाराजी झाली, चालेल. आणि नुसता ॲडऑन बंद ठेवून भागत नाही बरं का, लोकेशन टाकायची सोय मूळ फ्रेंडिकातच आहे, त्यामुळे नियमच केला की घरट्याच्या पोस्टला लोकेशन नाही, तालुक्याचं नाव पुरे.

ईमेलवरून प्रोफाइल फोटो आणणारा ग्रॅव्हॅटार पण नको म्हटलं, कारण त्यात ईमेलचा हॅश, म्हणजे पत्त्यापासून बनवलेला सांकेतिक कोड, बाहेरच्या सर्व्हरला जातो. त्याऐवजी कॅटॅव्हॅटार घेतला, डेव्हिड रेव्हॉय या चित्रकाराच्या चित्रांमधून प्रोफाइलसाठी मांजरीचं चित्र आपल्याच सर्व्हरवर तयार होतं. पक्ष्यांच्या ग्रुपात मांजर कशाला म्हणून बराच वाद झाला, पण ज्यांना स्वतःचा फोटो लावायचा नाही त्यांची सोय झाली.

मेलस्ट्रीम मात्र मनापासून आवडला. पोस्ट ईमेलने येतात, आमच्यातले निवृत्त काका-काकू नवीन साइट उघडायला कंटाळतात पण मेल रोज वाचतात. इथेही मजकूर बाहेरच्या मेलबॉक्सात जातोच, पण ते ज्याचं त्याने स्वतः चालू करायचं असतं, म्हणून हरकत वाटली नाही.

लँगफिल्टर, म्हणजे आपल्याला येत नसलेल्या भाषेतल्या पोस्ट मिटवून ठेवणारा, चालू करून बघितला आणि काढला. दोन ओळींची मराठी पोस्ट त्याला हिंदी वाटते, लिपी एकच ना. सेटिंगमध्ये किमान लांबी वाढवता येते, पण आमच्या पोस्ट असतातच एवढ्याशा, "आज धोबी (पक्षी) दिसला, तळ्यापाशी", बस. त्यापेक्षा एनएसएफडब्ल्यू (नॉट सेफ फॉर वर्क, म्हणजे चारचौघांत न बघण्यासारखं) नावाचा ॲडऑन ठेवला, नाव तसलं असलं तरी त्यात कुठलाही शब्द टाकता येतो आणि तो शब्द असलेल्या पोस्ट मिटलेल्या राहतात, ज्याला शिकारीचे फोटो बघवत नाहीत त्याने "शिकार" टाकायचं.

ट्विटरशी (आताचं एक्स) जोडणारा ट्विटर कनेक्टर घेतलाच नाही, २०२३ मध्ये तिकडचा जुना फुकटचा एपीआय (बाहेरच्या प्रोग्रॅमना जोडून घ्यायची सोय) गेल्यापासून त्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

आणि तुम्ही सर्व्हर लावणार असाल तर एक नक्की करा, ॲडऑनची रेपो, म्हणजे कोडचा साठा, वेगळी असते, मूळ फ्रेंडिका स्टेबल ब्रँचवर (तपासून पक्क्या केलेल्या आवृत्तीवर) असेल तर ॲडऑनही स्टेबलवरच ठेवा आणि अपग्रेड दोन्हीचं एकदमच करा, बॅकअप घेऊन.