उभ्या गाडीची बॅटरी घरच्या घरी चार्ज ठेवणं – नेरूळच्या सोसायटीतला माझा अनुभव

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आमची गाडी जवळजवळ उभीच असते. मी रोज हार्बरने सीएसएमटीला जाते, भाजी-किराणा सगळं सेक्टरमध्येच मिळतं, त्यामुळे गाडी लागते ती डॉक्टरकडे जायला नाहीतर गावी जायला. पण लागते तेव्हा ती एका फटक्यात स्टार्ट झालीच पाहिजे, कारण रात्री-अपरात्री बाबांना घेऊन निघायची वेळ आली तर खाली जाऊन धक्का मारायला माणसं शोधत बसणं मला परवडणार नाही. त्यामुळे चावी फिरवल्यावर नुसतं कट-कट-कट आवाज यायला लागला तेव्हा मी हा विषय नीट हातात घेतला. ज्यांची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडेच्या आठवडे उभी असते त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

जंप स्टार्ट द्यायला (म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर गाडी चालू करून द्यायला) आलेला मेकॅनिक म्हणाला, बॅटरी गेली ताई, नवीन टाका. बॅटरी अडीच वर्षांची, पाण्याची झाकणं असलेली साधी ३५ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-आवर, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), आणि त्याने मीटर वगैरे काही लावला नव्हता, नुसतं बघून सांगितलं. मला ते पटलं नाही. पाच-सहाशे रुपयांत डिजिटल मल्टीमीटर मिळतो, तो आणला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारात सर्वात कामाची वस्तू तीच ठरली, चार्जरचा नंबर त्यानंतर.

सकाळी, म्हणजे गाडी रात्रभर बंद असताना, बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावायचा. लगेच चालवून आणलेल्या गाडीवर रीडिंग घेतलं तर ते फुगलेलं येतं, म्हणून काही तास थांबायचं. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० म्हणजे पाव शिल्लक. आमची १२.०८ होती. मग इंजिन चालू असताना बघितलं तर १४.२, म्हणजे आल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) व्यवस्थित भरतोय (१३.८ ते १४.४ च्या आसपास असलं की ठीक). मग बॅटरी संपते कुठे?

गाडी बंद असली तरी थोडा करंट खातच असते. घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, अलार्म, ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मेमरी, हे सगळं चालू असतं. हे खाणं ५० मिलीअँपिअरच्या आत असलं तर नॉर्मल धरतात. पण नॉर्मल असलं तरी ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच, म्हणजे ३५ एएचची बॅटरी दोन आठवड्यांत निम्म्यावर येते, हा हिशोब मी पहिल्यांदा मांडला तेव्हाच कळलं की महिनाभर उभी राहिलेली गाडी स्टार्ट न होणं हा बॅटरीचा दोष असेलच असं नाही. (बऱ्याच जणांना फास्टॅगबद्दल शंका असते, तो गाडीच्या बॅटरीवर चालत नाही, त्याला वायरच नसते.)

मोजायची पद्धत अशी. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालायची, निगेटिव्ह केबल बॅटरीवरून काढायची आणि केबल व बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये मीटर जोडायचा. दारं लॉक, बॉनेट उघडं, चावी लांब ठेवायची, आणि मग पंचवीस-तीस मिनिटं काही न करता थांबायचं कारण गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपायला वेळ घेतात आणि तोपर्यंत आकडा मोठाच दिसतो. मीटर जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. मी अर्धा तास पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते, वॉचमन काका दोनदा विचारून गेले, ताई गाडी विकायची आहे का. आकडा शेवटी २१० मिलीअँपिअरवर येऊन थांबला. मग एकेक फ्यूज काढत गेले आणि एक फ्यूज काढल्याबरोबर तो २० वर आला. तो फ्यूज डॅशकॅमचा. ॲक्सेसरीजच्या दुकानात तो बसवताना कायम सप्लाय असलेल्या फ्यूजवर जोडला होता, त्यामुळे गाडी बंद असतानाही त्याचं पार्किंग मोडचं रेकॉर्डिंग रात्रंदिवस चालू. २१० म्हणजे दिवसाला पाच एएच, चार दिवसांत अर्धी बॅटरी खलास! ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तो इग्निशन चालू असतानाच सप्लाय येतो त्या फ्यूजवर घेतला. जीपीएस ट्रॅकर किंवा ओबीडीला (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटला) कायम खोचून ठेवलेलं काहीही असेल तर तेही याच नजरेने तपासा.

आता चार्जिंग. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट रिकामी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचा थर कडक होत जातो आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पूर्ण भरत नाही, त्यामुळे थांबून चालणार नव्हतं. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नाही आणि सोसायटीची परमिशन यायला वेळ लागणार होता, म्हणून पहिलं चार्जिंग बॅटरी घरी आणून गॅलरीत केलं. चार्जर ४ अँपिअरचा स्मार्ट घेतला. बॅटरीच्या एएचच्या साधारण दहा टक्के करंट पुरे, हा जुना नियम आहे, ३५ ला साडेतीन-चार. स्मार्ट म्हणजे तो आधी पूर्ण करंट देतो, १४.४ व्होल्टच्या आसपास पोचला की करंट कमी करत जातो आणि भरल्यावर साडेतेराच्या आसपास फ्लोटवर जातो, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती भरलेली ठेवतो. आपणहून कमी न होणारा जुना चार्जर लावून विसरलं की बॅटरी उकळते, पाणी उडतं.

बॅटरी काढताना बांगड्या आणि अंगठी आधी काढून ठेवली, धातूने दोन टोकं जोडली गेली तर हात भाजतो. दहाच्या पान्याने निगेटिव्ह आधी सोडायचं, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, पॉझिटिव्ह आधी. कारण निगेटिव्ह जोडलेलं असताना पाना पॉझिटिव्हवरून घसरून बॉडीला लागला की शॉर्ट सर्किट. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पावडर जमली होती, इथल्या दमट हवेत ती जमतेच, ती खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने साफ केली, कोरडं पुसलं आणि परत बसवल्यावर वरून व्हॅसलिन लावलं. बॅटरी नऊ-दहा किलोची असते, आत सल्फ्युरिक ॲसिड, त्यामुळे वर आणताना एकदम सरळ धरायची, आडवी नाही. जुने सुती कपडे आणि चष्मा घाला, ॲसिडचा थेंब कपड्यावर पडला तर त्या वेळी काही दिसत नाही, धुतल्यावर भोक पडतं.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, विशेषतः शेवटी शेवटी, आणि हवेत चार टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. आमच्या गॅलरीत तुळस आहे आणि आई रोज संध्याकाळी तिथे दिवा लावते. मी तिला नीट समजावून सांगितलं, तिने त्या दिवशी दिवा आत देवघरातच लावला आणि गॅलरीचं दार ओढून घेतलं. बंद खोलीत, गॅस शेगडीजवळ किंवा लहान मुलं फिरतात तिथे बॅटरी चार्ज करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. ठिणगी टाळायची म्हणून क्रम पण ठरलेला: आधी लाल चिमटा पॉझिटिव्हला, मग काळा, आणि सगळ्यात शेवटी भिंतीवरचा स्विच. काढताना आधी स्विच बंद, मग चिमटे. चार्जर बॅटरीच्या डोक्यावर ठेवायचा नाही, बाजूला स्टुलावर ठेवायचा.

सकाळी लावली ती संध्याकाळी भरली. पहिल्यांदा रात्री लावून झोपू नका, अधूनमधून बाहेरून हात लावून बघा. कोमट चालते. हाताला चटका बसेल इतकी गरम, बाजू फुगलेल्या किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच स्विच बंद करून बॅटरीवाल्याला दाखवायची. झाकणवाल्या बॅटरीत पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, आरओचं नाही, आणि प्लेटा उघड्या पडल्या नसतील तर चार्जिंग झाल्यावरच घालायचं, कारण चार्ज होताना लेव्हल वर येते. दुसऱ्या दिवशी सकाळी रीडिंग १२.६४ आलं. स्टार्टर मारताना व्होल्टेज साडेदहाच्या खाली गेलं नाही (साडेनऊच्या खाली जायला लागली की बॅटरी थकली समजायचं). म्हणजे जी बॅटरी गेली म्हणून सांगितलं होतं ती चांगली होती.

सगळे सांगतात आठवड्यातून दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेव. मला ते पटत नाही. स्टार्ट करायला बॅटरीतून फार कमी जातं, ती अडचण नाही. पण आयडलिंगला आल्टरनेटर कमी देतो, त्यातला बराच एसी-लाइट खातात, आणि अर्धी झालेली बॅटरी कितीही जोर लावला तरी काही तास घेतेच. इंजिनही नीट तापत नाही. शिवाय बेसमेंट पार्किंगमध्ये हे करणं धोक्याचं, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. त्यापेक्षा रविवारी सकाळी पाम बीच रोडने वाशीपर्यंत आणि परत, एसी बंद ठेवून, हे टायरला आणि ब्रेकलाही चांगलं. पण तेसुद्धा भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला उपयोगी, रिकामी भरायला नाही.

दर वेळी दहा किलो वजन वर-खाली करणं शक्य नव्हतं, म्हणून पार्किंगमध्ये पॉइंट हवाच होता. काही ठिकाणी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बारीक दोन वायरचं एक्स्टेन्शन खाली सोडलेलं मी बघितलंय, अर्थिंग नाही, त्यावरून स्कूटर जातात, पोरं खेळतात, पावसात जॉइंट भिजतो. बॅटरीचे बारा व्होल्ट माणसाला मारत नाहीत, हे २३० व्होल्ट मारतात. कमिटीची पहिली भीती कॉमन मीटरच्या बिलाची होती. मी सेक्रेटरी काकूंना कागदावर हिशोब दाखवला: चार्जर एका सिलिंग फॅनएवढीच वीज घेतो, आणि बॅटरी अगदी पूर्ण रिकामी असली तरी एका चार्जिंगला पाऊण युनिटच्या आत. तरी कॉमन लाइटमधून नकोच, म्हणून आमची मीटर रूम तळमजल्यालाच असल्याचा फायदा घेतला. महावितरणच्या मीटरला हात न लावता, मीटरच्या पुढे आमच्याच लाइनमधून लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने वेगळी तीन कोरची केबल पाईपातून आणली, ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळून शॉक बसायची वेळ आली की पडणारा स्विच), आणि झाकण-कुलपाचा वॉटरप्रूफ बॉक्स छातीच्या उंचीवर, कारण जोराच्या पावसात स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये) पाणी शिरतं. परमिशन लेखी घेतली. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का हे इलेक्ट्रिशियन दादांनी सगळ्यांसमोर दाखवलं, तेव्हा काकूंनी सही केली.

आता बॅटरी गाडीतच ठेवून दोन-तीन आठवड्यांनी एकदा, सुट्टीच्या दिवशी चार्जर लावते. लाल चिमटा पॉझिटिव्हला आणि काळा बॅटरीपासून लांब इंजिनच्या उघड्या धातूला. बॉनेट उघडं, स्टिल्ट तीन बाजूंनी मोकळं असल्यामुळे हवा खेळती. स्मार्ट चार्जर महिनाभर फ्लोटवर ठेवता येतो हे खरं, पण सगळ्यांच्या वावराच्या जागेत मी तो एकटा सोडत नाही. बॉनेट बंद करताना वायरी पण बघून घेते, उभ्या गाडीत उंदीर शिरतात. सोलर ट्रिकल चार्जरचा (उन्हावर हळूहळू भरणाऱ्या छोट्या चार्जरचा) विचार केला होता पण स्टिल्टमध्ये ऊन येतच नाही, उघड्यावर पार्किंग असलेल्यांनी तो जरूर बघावा. आणि लांब सुट्टीवर जाताना निगेटिव्ह काढून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, फक्त घड्याळ आणि रेडिओ परत सेट करावे लागतात, रिमोटचं लॉक चालत नाही म्हणून दार चावीने लावायचं, आणि अलार्म बंद असतो.

आमच्या शेजारच्या काकांची नवी गाडी स्टार्ट-स्टॉपवाली आहे, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी. त्यांनी माझा चार्जर मागितला तेव्हा आधी बॅटरीवरचं लेबल बघितलं, एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली बंद बॅटरी) होती, तर चार्जरचं सेटिंग एजीएमला फिरवलं. त्यांच्या निगेटिव्ह टोकावर बॅटरी सेन्सर (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा) आहे, त्यामुळे काळा चिमटा त्या टोकाला न लावता मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या अर्थ पॉइंटला लावला. सरळ टोकाला लावला असता तर आत गेलेला चार्ज गाडीच्या सिस्टिमला कळलाच नसता. तेव्हा अशी गाडी असेल तर चार्जर लावायच्या आधी मॅन्युअलमधलं बॅटरीचं पान काढून बसा.