सीट दोन बोटं पुढे

सकाळी गॅरेजात जाऊन आमच्या ऑटोक्रॉसच्या गाडीत, मारुती झेनमध्ये, बसलो तर पाय मावेनात. क्लच दाबायला गुडघा वर घेतला तो सरळ स्टिअरिंगला लागला. सीट दोन बोटं पुढे आलेली.

ही सीट रुळावर सरकत नाही. बकेट सीट आहे, दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांना बोल्टने आवळलेली. पुढे घ्यायची तर बोल्ट सोडवा, पट्टीत नवी भोकं पाडा, पुन्हा आवळा. म्हणजे कुणीतरी ठरवून ड्रिल हातात घेतलं. भोकांच्या कडा कानशीने घासलेल्या, वर प्रायमरचा हात मारलेला, खाऱ्या हवेने गंज धरू नये म्हणून. आमच्या गॅरेजात एवढं नीट काम करणारा हात एकच आहे.

मेस्ताला, म्हणजे आमच्या मेकॅनिकला, विचारलं. "हां, ते काल जरा…" एवढंच बोलला आणि त्याने ग्राइंडर चालू केला. गॅरेजातला पोरगा रोहिदास पाव आणायला गेला होता म्हणे. साडेदहा वाजता.

निघताना शटरच्या आतल्या बाजूला नजर गेली. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या मोकळ्या पठारावर, सराव झाला की आम्ही वेळा तिथे खडूने लिहितो. माझ्या वेळांच्या खाली आणखी एक आकडा होता, नाव नसलेला. माझ्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा सेकंदाहून जास्त कमी.

ऑटोक्रॉसमध्ये एक सेकंद म्हणजे काय, हे ज्याने घड्याळाविरुद्ध गाडी पळवली आहे त्यालाच कळतं. शेजारी कुणी प्रतिस्पर्धी नसतो. एका वेळी एक गाडी, शंकूंनी आखलेली वाट आणि मिनिटभराचा खेळ. वेग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. शंकू पाडला तर वर दंडाचे सेकंद. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबाच्या नियमांत एका शंकूला २. तिथे लोक दशांशासाठी झगडतात, आणि इथे सबंध सेकंद.

पण मला सेकंद लागला नाही. मला कुणी सांगितलं नाही, ते लागलं. सीट हलवली, गाडी टेंपोवर चढवून सड्यावर नेली, पळवली, परत आणली, आकडा लिहिला, आणि हे सगळं माझ्या पाठीमागे. पाठीमागे म्हणजे मी डॉक्टरांकडे पाठ दाखवायला गेलो होतो तेव्हा. डॉक्टर काय म्हणाले ते आज लिहीत नाही.

या गाडीत मी काय घातलंय ते मला ठाऊक आहे. मूळची ९९३ सीसीची झेन, वजन साधारण साडेसातशे किलो. त्यात एस्टीमचं १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन बसवलं. दोन्ही सुझुकीच्या एकाच कुळातली, म्हणून बसलं, तरी माउंट आणि वायरिंगने जीव काढला. मागची सीट, दाराचे पॅड, जमिनीवरचा डांबराचा थर, सगळं काढून टाकलं. तो थर खरवडताना खालचा पत्रा कुठे कुठे चाळणीसारखा निघाला. गोव्याच्या पावसात जुन्या गाडीचं तेच होतं. गाडी उलटली तर आतला माणूस वाचावा म्हणून बसवलेल्या पिंजऱ्याचे पाइप ज्याने जोडले त्याचा हात मांडवीवरच्या, खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या दुरुस्तीत तयार झालेला. २०१२ला खाणी पहिल्यांदा बंद पडल्या आणि बार्जी उभ्या राहिल्या, तेव्हापासून तो गॅरेजांतून वेल्डिंग करतो. त्याचे जोड बघत राहावेसे वाटतात. पैशांचं सुलभाला माहीत आहे, तेवढं पुरे.

आता ती रस्त्यावर चालवताच येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीने बनवली त्यापेक्षा वेगळी करून गाडी रस्त्यावर आणायची नाही. म्हणून जाते तिथे टेंपोवरून जाते. बाजाराला नाही, देवळात नाही. फक्त पळण्यासाठी उरलेली गाडी, आणि ती पळवायला मी. असं मी धरून चाललो होतो.

सीट तर माझ्याच अंगाच्या मापाने लावली होती. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. मेस्ताने खडूने खुणा केल्या आणि भोकं पाडली. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून स्प्रिंग जुळवले तेव्हाही आत मी बसलो होतो. माझं वजन धरून ती गाडी तोललेली आहे.

दुपारी जेवण झाल्यावर पडलो, झोप लागली नाही. आकडाच डोळ्यांपुढे. मग एक गोष्ट हळूहळू ध्यानात यायला लागली. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात नाक बाहेर काढते, म्हणून मी मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी कलू न देणारी दांडी, मुद्दाम जाड घालायला लावला होता. मेस्त नको म्हणत होता. माझं म्हणणं होतं की मागची बाजू कडक केली तर पुढची चाकं माती धरतील, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की शेपूट आपणहून फिरेल. माझ्या हातात ती फिरते, पण मी पाय उशिरा उचलतो. पाठ आधीच आखडते. रोहिदास वेळेवर उचलत असणार. म्हणजे मी मनात जी गाडी बघत होतो ती खरोखरच तशी झाली आहे, सेकंदाहून जास्त खरी. हे कळल्यावर रडू यावं की बरं वाटावं ते मला ठरवता येईना. बरं वाटलं, बहुतेक.

संध्याकाळी रोहिदासला फोन केला. आधी गप्प. मग म्हणाला, "तुमी रागार जातले म्हूण सांगूंक ना." मी विचारलं, डावीकडे वळताना आतलं मागचं चाक उचलतं का? त्यावर जो बोलायला लागला तो थांबेना. चाक लवकर उचलतं म्हणाला. पुढच्या टायरांच्या कडांना त्याने खडू लावून बघितला होता. घासलेली रेघ फार वरपर्यंत जाते, म्हणजे हवा थोडी वाढवायला हवी. मी इतके महिने ज्यासाठी कागद काळे केले ते या पोराने खाली मातीत लोळून ओळखलं होतं. मध्येच म्हणाला, सीट परत मागे घेऊ? नको म्हटलं.

मग परत म्हटलं, घे.

दोघांनी एकाच गाडीवर उतरायचं असलं तर सीट लांबड्या माणसाच्या मापाने ठेवायची आणि ठेंगण्याने पाठीमागे उशी घ्यायची, हा जुना उपाय आहे. रूळ लावायचे नाहीत, वजन वाढतं आणि आणखी एक सांधा ढिला व्हायला मिळतो. उशी मऊ चालत नाही. पट्टा आवळल्यावर आणि गाडीने झटका दिल्यावर दबली तर पट्टा सैल पडतो. घट्ट फोम लागेल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघतो, नाहीतर पणजीला.

दिवाळीपर्यंत त्याचं स्पर्धेचं लायसन्स व्हायला हवं. मोटर स्पोर्ट्स फेडरेशनचा फॉर्म, डॉक्टरांचा दाखला, फोटो. रक्तगट विचारला तर त्याला माहीत नाही. ओव्हरऑलवर लिहावा लागतो. गुरुवारी डिचोलीला नेऊन तपासून घेतो, आणि त्याच फेरीत माझ्या पाठीचं काय ते डॉक्टरांना पुन्हा विचारतो.