दात शेवटी बघा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलला की डोळे आधी गिअरच्या दातांवरच जातात, माझेही जायचे. एका थ्री-स्पीड बॉक्सला पहिल्या-दुसऱ्यात मस्त रडका आवाज होता आणि तिसऱ्यात, म्हणजे डायरेक्टमध्ये (आलेला वेग तसाच पुढे जातो तो गिअर), एकदम गायब. डायरेक्टमध्ये अख्खी प्लॅनेटरी (मधल्या गिअरभोवती छोटे पिनियन गिअर फिरतात तो संच, पिनियन धरणारी चौकट म्हणजे कॅरिअर) लॉक होऊन एकत्र फिरते, पिनियन स्वतःभोवती फिरतच नाहीत, म्हणजे गडबड प्लॅनेटरीत हे कळलं होतं. खोललं, सगळं चकाचक धुतलं, दात बघितले तर एकदम नवे. बसवलं परत. आवाज तसाच!

प्लॅनेटरीत लोड तीन-चार पिनियन वाटून घेतात ना, त्यामुळे दात बहुतेक वेळा शेवटी जातात, आधी झिजतात थ्रस्ट वॉशर (बाजूचा जोर झेलणाऱ्या चकत्या), नीडल बेअरिंग (सुयांसारख्या बारीक रोलरची), पिनियन ज्यांवर फिरतात त्या पिना, बुश (शाफ्टभोवतीची मऊ धातूची नळी).

आता मी खोलायच्या आधीच डायल गेज लावून इनपुट शाफ्टचा एंड प्ले, म्हणजे तो पुढेमागे किती सरकतो, ते मोजतो, कारण सगळं टेबलावर आलं की तो आकडा गेला तो गेलाच. मग ऑइल पॅन. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ असेल तर घाबरायचं नाही, तेवढा असतोच. पितळी चमक दिसली तर बुश किंवा वॉशरवर संशय घ्यायचा, आणि बारीक सुया मिळाल्या तर त्या कुठल्या बेअरिंगच्या हे सापडेपर्यंत जोडायला घ्यायचं नाही.

आणि प्लीज, आधी धुवू नका. चुरा कुठे साचलाय, तेल कुठे पोचलं नाहीये, पिना कुठे निळ्या पडल्यात हे बघून घ्या, निळं म्हणजे तिथे तापलंय, तेलाचं भोक तुंबलंय का बघायचं. मग कॅरिअर हातात धरून एकेक पिनियन बोटाने फिरवायचा, खरखर लागते का, वरखाली हलतो का. दात हेलिकल, म्हणजे तिरके कापलेले, असतात त्यामुळे लोडखाली पिनियन कलंडायला बघतो, त्याची कड दाबते तो जोर वॉशर खातो, वॉशर संपला की पिनियन थेट कॅरिअरला घासतो. म्हणून तिथे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा. लिमिट त्या बॉक्सच्या मॅन्युअलमधलंच धरा, पण मला आकड्यापेक्षा फरक जास्त सांगून जातो, तीन पिनियन सारखे आणि चौथा ढिला असेल तर तोच चोर.

त्या रडक्या बॉक्समध्ये हेच होतं. दुसऱ्यांदा उतरवला तेव्हा एक पिनियन पिनेवर चक्क डुलत होता, आतल्या सुया अर्ध्या झिजलेल्या, आणि पहिल्या वेळी तोच कॅरिअर मी स्वतःच्या हाताने पुसून ठेवला होता.