तुम्ही विचारलंत म्हणून: लॉकमध्ये बघायचं काय?

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याला मी लॉकला, म्हणजे चिनी लोकांनी वसवलेल्या एका छोट्या जुन्या गावाला नेते, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या प्रश्न ठरलेला, अगं इथे बघायचं काय? खरंय, मेन स्ट्रीट म्हणजे एवढीशी गल्ली, दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरं, काही चक्क कललेली. नगरपालिका नाही, मेयर नाही, सगळा कारभार काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा.

तर सांगते. १९१५ ला शेजारच्या वॉलनट ग्रोव्हमधली चिनी वस्ती आगीत जळाली. त्यातली दक्षिण चीनमधल्या झोंगशानकडची माणसं ली बिंग या व्यापाऱ्याला पुढे करून जॉर्ज लॉककडे गेली आणि त्याच्या पेअरच्या बागेतली जागा भाड्याने मागितली. भाड्यानेच, कारण कॅलिफोर्नियाचा १९१३ चा कायदा असा की ज्यांना अमेरिकन नागरिक होता येत नाही त्यांनी शेतजमीन घ्यायची नाही, आणि चिनी लोकांना नागरिक होताच येत नव्हतं! व्यवहार तोंडी झाला. घरं यांनी बांधली, जमीन लॉकचीच राहिली. म्हणजे घर तुमचं पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर. आणि मला चीड याची येते की हा सगळा डेल्टा, म्हणजे सॅक्रामेंटो नदीकाठचा सखल भाग, मुळात दलदल होता, तिथे पाण्या-चिखलात उभं राहून फावड्यांनी नदीचे बांध घातले ते आधीच्या पिढीतल्या चिनी मजुरांनीच.

तो बांध नीट बघा. त्याला लागून असलेल्या घरांचा वरचा मजला बांधावरच्या रस्त्याला उघडतो आणि खालचा मेन स्ट्रीटला, एकाच घराला दोन रस्ते.

मग दाय लॉय. हा जुगारखाना १९५१ ला बंद पडला, आता म्युझियम आहे. इथे फॅन-टॅन चालायचा, म्हणजे टेबलावर बटणांचा ढीग ओतायचा, चार-चार करून बाजूला सारायची, शेवटी एक, दोन, तीन की चार उरतात त्यावर पैसे. काहीजण नाक मुरडतात, जुगाराचं कसलं म्युझियम म्हणून. पण चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी करणाऱ्या १८८२ च्या कायद्यानंतर साध्या मजुराला बायको इकडे आणणंच जवळपास अशक्य होतं, दिवसभर बागेत राबून आलेल्या अशा माणसाला आपल्या भाषेत बोलणारं कोणी भेटायचं ते इथेच. पोरांसाठी चिनी शाळाही होती, दिवसा इंग्रजी शाळा आणि संध्याकाळी ही. आमची पोरं मराठी शाळेला कुरकुरत जातात, त्यांना मी ते बाक मुद्दाम दाखवते.

तो जमिनीचा कायदा कोर्टाने १९५२ ला मोडीत काढला, पण तोवर शिकलेली पोरं शहरांकडे निघालीच होती. लॉकमधली जमीन तिथे राहणाऱ्यांच्या नावावर व्हायला २००४ उजाडलं, आणि तेव्हा गावात चिनी माणसं अगदी मोजकी उरली होती.